शंभर धरलेला डोंगर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. सोयरीक जुळवताना, बदली मागताना, कापसाचा भाव सांगतानासुद्धा घाट मध्ये येतोच. हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तरेकडची धार. बुलढाणा शहर तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेलं. राजूर घाटातून मोताळ्याकडे उतरलं की थोड्याच किलोमीटरांत माणूस तीनशे मीटर खाली येतो आणि स्वेटर काढून ठेवतो.

मी सर्वेअर. सरकारी मोजणीदार नव्हे, खाजगी. हद्दीच्या खुणा दाखवायचा अधिकार भूमी अभिलेखच्या माणसाचा. माझं काम उंच-सखल काढण्याचं. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर डम्पी लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे दुर्बीण आणि आकड्यांची उभी पट्टी, घेऊन सुरुवात केली, मग टोटल स्टेशन आलं, आता ड्रोनही आहे. पूर्वी मला बोलावणं यायचं ते पाझर तलावासाठी, रस्त्याच्या चढासाठी, एखाद्या शाळेच्या मैदानासाठी. गेल्या काही वर्षांत बहुतेक फोन लेआउटचे असतात. शहर माथ्यावरच्या सपाटीत मावेनासं झालं, तसे प्लॉट धारेकडे सरकले. जिथं आम्ही लहानपणी सीताफळं तोडायला जायचो तिथं आता कमानी आहेत आणि कमानीवर इंग्रजी अक्षरांत ‘व्हॅली व्ह्यू’ लिहिलेलं आहे.

या माथ्यावरच्या पावसाला दोन समुद्र आहेत. पैनगंगा याच रांगेत उगम पावते, येळगावच्या धरणात थांबून शहराची तहान भागवते, आणि मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जाते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात. पूर्णा तापीला, तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. या दोन पाण्यांमधली धार माळावरून इतकी सावकाश वळणं घेत जाते की चालणाऱ्याला ती ओलांडल्याचं कळत नाही. लेव्हल लावली की कळतं. एकाच लेआउटमध्ये वरच्या ओळीचं सांडपाणी एका नदीला आणि खालच्या ओळीचं दुसरीला, असं मी पाहिलं आहे. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, “सर, मले फक्त गटाराचा उतार सांगा. समुद्राचं आपण नंतर पाहू.”

त्याचं बरोबरच होतं म्हणा.

बुलढाणा शहर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या ५५ डी/२ या टोपोशीटवर येतं. माझ्या भिंतीवर ती शीट लावलेली आहे, कडांना पिवळी पडलेली. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजेच कॉन्टूर, दर २० मीटरला. राजूर घाटाच्या जागी त्या रेषा इतक्या दाटीनं येतात की नुसता तपकिरी पट्टा दिसतो. माथ्यावर सुट्या सुट्या, ऐसपैस. जिल्ह्याचा स्वभाव समजून घ्यायला यापेक्षा चांगला कागद नाही. पण लेआउटच्या कामाला ती शीट अपुरी आहे. दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक, म्हणजे सहा मजली इमारत मध्ये उभी राहिली तरी तिला शिवणारी रेषा नाही. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट या कागदावर पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे रेषेच्या शाईइतकाच. घराच्या मागचा नाला, ओघळ, लवण, सगळं त्या दोन रेषांच्या मध्ये बुडालेलं असतं. शीटचा त्यात दोष नाही. ती धरणं, रस्ते आणि लष्कर यांच्यासाठी काढली होती, तीन गुंठ्यांत घर बांधणाऱ्यासाठी नाही.

गाव नकाशात तर उंची हा प्रकारच नाही. साखळी ३३ फुटांची, साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. ज्यांनी हे मोजलं त्यांना शेतसारा बसवायचा होता. जमीन किती, कुणाची, पिकते की नाही. तरीही उतार त्यांनी अगदीच नोंदवला नाही असं नाही. घाटाच्या धारेवरचा कुठलाही सातबारा काढा, त्यात पोटखराब क्षेत्र सापडतं. खडक, नाला, कपार, जिथं नांगर चालत नाही तेवढं वजा करून बाकीच्यावर आकारणी. मी कामाला निघण्यापूर्वी सातबारा मागतो, तेव्हा मालकाला वाटतं मी मालकी तपासतोय. मी पोटखराब बघत असतो. तीन एकराच्या गटात वीस गुंठे पोटखराब असेल तर त्या वीस गुंठ्यांत काहीतरी आहे, आणि ते बहुधा नाला किंवा कडाच निघतं. जागेवर गेल्यावर मात्र ते वीस गुंठे सापडत नाहीत. पोकलेन येऊन गेलेलं असतं.

लोकांना नीट ठाऊक नसतं ते इथलं. कॉन्टूर सर्वे आधी आणि सपाटीकरण नंतर, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आधी मुरूम निघतो, कारण मुरमाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मुरूम काढून झाला की तिथं आपोआप पायऱ्या पडतात, पायऱ्यांवर प्लॉट पडतात, आणि मग मला फोन येतो. मी गेलो तेव्हा जमीन जशी आहे तशीच मी मोजणार. माझ्या शीटवर ती सौम्य दिसणार. पूर्वी ती कशी होती हे दाखवायला टोपोशीटवरच्या दोन रेषा सोडल्या तर काही नाही. हल्ली गूगल अर्थची जुनी चित्रं मागे नेता येतात. कुठल्या वर्षी कुठला ओरखडा पडला ते दिसतं. पण चित्रातल्या ओरखड्याची खोली मंजुरीच्या फाइलला चालत नाही.

उताराचा नियम आपल्या राज्यात आहे. २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर विकासाला मनाई आहे. पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, कोनात जेमतेम सव्वाअकरा अंश. ऐकायला सोपं. पण उतार मोजायचा तो कुठून कुठपर्यंत? एका कामात शंभर मीटर लांबीच्या पट्टीत वरचे सत्तर मीटर जवळजवळ माळच होते, पाच मीटर उतरत होते. खालचे तीस मीटर दहा मीटर उतरत होते. वरच्या कोपऱ्यात स्टाफ धरा, खालच्या कोपऱ्यात धरा, भागाकार करा: शंभरात पंधरा, म्हणजे १:६.६७. पट्टी पास. आणि खालचे तीस मीटर सुटे काढले तर १:३. त्यावर उभं राहायला बूट घट्ट लागतात.

“एकास पाचात बसवून द्या सर,” असं मला पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मला वाटलं तो आकडा बदलायला सांगतोय. तसं नव्हतं. आकडे सगळे खरेच हवे होते त्याला. फक्त पॉइंट कमी घ्यायचे होते. दर पाच मीटरला पॉइंट घेतला तर कडा दिसतो. दर पन्नासला घेतला तर सॉफ्टवेअर दोन टोकांमधून गुळगुळीत रेषा काढून देतं आणि कडा त्यात विरघळतो. खोटं काहीच नाही, सही करायला हरकत नाही. मी ते काम दर पाच मीटरनं केलं आणि खालच्या तीस मीटरला वेगळी छटा दिली. पुढचं काम त्यानं दुसऱ्याला दिलं. दुसरा माझा मित्रच आहे, आम्ही चहाला भेटतो, या विषयावर बोलत नाही.

पॉइंट घेणं हे काम बाहेरून दिसतं तसं यंत्राचं नाही. यंत्र तिवईवर एका जागी उभं असतं. प्रिझमचा दांडा धरून जो पोरगा फिरतो तो कुठे थांबतो, त्यावर नकाशा ठरतो. नवखा पोरगा वाट मिळेल तिथून जातो, म्हणजे त्याचा नकाशा पायवाटांचा होतो. टणटणीच्या जाळीत, कपारीत, ओघळाच्या तळाशी तो उतरत नाही. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं मोज्यांतून, पॅण्टमधून थेट कातडीपर्यंत पोचतात. त्याला दोष कोण देणार? माझ्याबरोबर बरीच वर्षं काम करणारा एक स्टाफवाला आहे, मूळचा गुराखी. त्याला काही सांगावं लागत नाही. तो आधी ओघळाचा तळ धरतो, मग दोन्ही काठ, मग पाठ. “पानी जिथून पडते तिथं एक, न जिथं जाऊन थांबते तिथं एक,” हा त्याचा नियम. सर्वेईंगच्या पुस्तकात याला जाणवणारे उतारबदल टिपणं असं काहीतरी म्हणतात.

ड्रोन आल्यापासून मालकांना वाटतं की आता पायी फिरायची गरज उरली नाही. ड्रोनला वरून जे दिसतं तेच तो मोजतो, आणि वरून दिसतं झाड. उन्हाळ्यात साग उघडा पडतो तेव्हा जमीन थोडीफार सापडते, पण आमच्या बाजूला अंजनही पुष्कळ, आणि त्याला चैत्रात नवी पालवी फुटलेली असते. त्यामुळे ड्रोनच्या कॉन्टूरमध्ये अंजनाच्या प्रत्येक झाडाखाली एक टेकडी तयार होते. ती हातानं काढून टाकावी लागते. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंचीचं तर बोलायलाच नको. तरुण इंजिनीयर लॅपटॉप उघडून दाखवतात ती उंची बहुधा २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अवकाशयानानं अकरा दिवसांत रडारनं घेतलेली असते, तीस मीटरला एक ठिपका. जगातल्या बहुतेक जमिनीचा नकाशा म्हणून थक्क करणारं काम आहे. पण घाटाच्या कड्यावर तीस मीटरच्या एका ठिपक्यात माथा आणि पायथा दोन्ही येतात, आणि मधलीच कुठलीतरी उंची मिळते जिथं प्रत्यक्षात हवा असते.

आता शंभराची गोष्ट.

लेव्हल करायची तर सुरुवातीला एक पक्की खूण लागते. तिची उंची समुद्रसपाटीपासून माहीत असेल तर उत्तम. तशी सरकारी बेंचमार्क जवळपास नसली, किंवा शोधायला वेळ नसला, तर एखाद्या मोरीच्या कठड्यावर, मंदिराच्या ओट्यावर लाल रंगानं फुली मारायची आणि तिची उंची १००.००० धरायची. सगळे असंच करतात. लेआउटच्या आत सगळ्या उंच्या एकमेकींशी जुळलेल्या असतात, गटाराचे उतार बरोबर येतात, कुणाचं काही अडत नाही. एका कामापुरतं हे अगदी शास्त्रशुद्ध आहे.

पण डोंगर एका कामापुरता नसतो. घाटाच्या धारेजवळ दोन लेआउट एकाखाली एक आहेत. खालचा आधी झाला, दुसऱ्या कुणाच्या मोजणीनं. वरचा काही वर्षांनी, माझ्या. दोघांनीही आपापला शंभर धरलेला. माझ्या शीटवर वरच्या लेआउटचा सर्वांत खालचा कोपरा ९१.४० ला होता. त्याला लागून असलेला खालच्या लेआउटचा कोपरा त्यांच्या शीटवर १०३ च्या वर. कागदावर पाहिलं तर पाणी खालून वर जायला हवं. माझ्या शीटवर एक लवण कोपऱ्यापर्यंत येऊन हद्दीवर संपत होतं, कारण माझं काम हद्दीवर संपत होतं. त्यांच्या शीटवर त्याच जागी लवण नव्हतं; ओपन स्पेस होती, आणि तिच्या पुढे तीन प्लॉट. त्यांची मोजणी झाली तेव्हा तिथं भराव पडून गेला होता.

वरच्या बाजूचे रस्ते डांबरी झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या तिन्ही घरांच्या मागच्या भिंतींतून पाणी आलं. पूर नाही, कुणी वाहून गेलं नाही, पेपरात छापून येण्यासारखं काही नाही. गुडघ्याएवढं गढूळ पाणी, गव्हाच्या कोठ्या भिजल्या, एका घराची कंपाउंडची भिंत पोटातून फुगली. वाद झाला तेव्हा दोन्हीकडच्यांनी मिळून मला बोलावलं, पाणी कुणाचं ते सांगा म्हणून. मी यंत्र लावत होतो तर तिघांपैकी एका घरातल्या मावशी जवळ येऊन म्हणाल्या, “बाबू, हे पानी आमी घर घ्यायच्या आधी बी इथूनच जात होतं म्हन्तात. तुमच्या मशीनमंदी आधीचं दिसत नाई का?”

दिसत नाही. दोन्ही शंभर एका माळेत ओवायला अर्धा दिवस लागला. वरच्या मोरीपासून खालच्या ओट्यापर्यंत लेव्हल नेली, फरक काढला, खालच्या शीटमधल्या प्रत्येक आकड्यातून तो वजा केला. मग दोन्ही शीट एका पडद्यावर ठेवल्या आणि लवण आपोआप पुढे चालू लागलं: ओपन स्पेसमधून, तीन प्लॉटांच्या मधून, खालच्या रस्त्याच्या पाईप मोरीपर्यंत. मोरी होतीच. कोणे एके काळी कुणीतरी ती योग्य जागी बांधली होती. तिच्याकडे येणारा नाला फक्त वर कुठल्याच नकाशात उरला नव्हता.

भिंत फुगण्याचं कारण निराळं होतं आणि त्याला दोन्ही शीटांचा काही उपयोग नव्हता. आपला सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा. काळ्या दगडाचा थर, वर भुसभुशीत मुरूम, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी. मुरमातून झिरपलेलं पाणी त्या तांबड्या पट्टीवर अडतं आणि आडवं चालायला लागतं, आणि डोंगराच्या अंगावर जिथं पट्टी उघडी पडते तिथं बाहेर येतं. गुराखी अशा जागा ओळखतात; ऑक्टोबरात तिथलं गवत हिरवं असतं. प्लॉटसाठी काप घेताना ती पट्टी कापली गेली आणि भिंत नेमकी तिच्यापुढे उभी राहिली. भिंतीत पाणी निघायला भोकं नव्हती. ती मी सुचवली, त्यांनी पाडून घेतली.

लॅम्बटनची मला त्या दिवसांत फार आठवण यायची. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली आणि ती दख्खनमधून उत्तरेकडे सरकवत आणली. १८२३ मध्ये तो आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. त्या मोजणीवाल्यांचे हेतू राज्यकर्त्यांचे होते, त्याबद्दल भाबडेपणा नको. पण एका टोकाला धरलेलं माप देशभर तुटू द्यायचं नाही, ही त्यांची जिद्द होती. एका डोंगरावरून पुढचा डोंगर दिसल्याशिवाय ते हलत नसत. आमच्या हातात उपग्रहाशी बोलणारे रोव्हर आहेत, सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारे, आणि आम्ही शेजाऱ्याच्या मोरीपर्यंत लेव्हल नेत नाही. कारण साधं आहे. तुकड्याचा नकाशा त्या तुकड्याचा मालक पैसे देऊन करून घेतो. मधल्या जागेचा मालक कुणी नाही.

धारेच्या पूर्वेला ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं, बुलढाणा-खामगाव रस्ता ज्याच्यातून बोथ्याकडे जातो ते. त्या बाजूच्या गावांलगत काम असलं की सकाळी उशिरा सुरू करतो आणि उन्हं कलायच्या आत आटोपतो. मोहाच्या दिवसांत अस्वलं शिवारापर्यंत येतात आणि अस्वलाला प्रिझमचं कौतुक नसतं. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ जिल्ह्यांमागून जिल्हे तुडवत याच जंगलात येऊन थांबला होता. त्याच्या गळ्यात कॉलर होती, त्यामुळे त्याचा तेराशे किलोमीटरांहून मोठा मार्ग ठिपक्या-ठिपक्यांनी नकाशावर उमटला. तो नकाशा मी बराच वेळ पाहत बसलो होतो. नाल्यांच्या, ओढ्यांच्या, झाडीच्या पट्ट्यांच्या आधारानं, वस्त्यांच्या कडेकडेनं जाणारा. त्या वाघानं गट नंबर पाहिले नव्हते, आणि त्याच्या नकाशात कुठेही हद्दीवर संपलेलं लवण नव्हतं.

घाटाखालच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, दुखणं आणखी मोठं आहे. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका रात्रीच्या पावसानं नद्या गावांत शिरल्या, शेतं खरडून गेली. डोंगरातून सुटलेल्या नद्या पायथ्याशी आल्या की उतार एकदम मोडतो, त्यांच्या पोटातले दगडगोटे आणि वाळू तिथंच पडते, पात्र उथळ होतं आणि इकडून तिकडे सरकतं. तिथं २० मीटरच्या रेषेचा काहीच उपयोग नाही. तिथं अर्ध्या मीटरच्या फरकानं गाव वाचतं किंवा बुडतं. अशा जमिनीचं काम मी थोडंच केलं आहे, पण माथ्यावर बसून आपण कुणाच्या पाण्याला किती घाई करायला लावतो, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

सध्या रिकाम्या वेळी मी माझ्या जुन्या शीट काढतो आणि एकमेकींना जोडतो. ज्या ज्या मोरीवर, ओट्यावर शंभर धरला होता तिथं रोव्हर नेऊन खरी उंची घेतो आणि शीटमध्ये फरक घालतो. काही ओटे पाडले गेलेत, काही फुल्यांवर टाइल बसल्यात. जे जुळतं त्यातून धारेचा एक पट्टा हळूहळू तयार होतोय, मध्ये मोठमोठी भोकं असलेला. भोकं म्हणजे दुसऱ्यांची कामं. मित्राकडे त्याच्या शीट मागितल्या. त्यानं आधी चहा मागवला, मग दोन दिल्या. सुरुवात म्हणून वाईट नाही.

नव्या कामांत मी दरपत्रकात एक ओळ वाढवली आहे: लगतच्या लेआउटपर्यंत आणि खालच्या मोरीपर्यंत लेव्हल नेण्याचे वेगळे पैसे. बहुतेक मालक पहिल्यांदा त्याच ओळीवर काट मारतात. परवा एकानं विचारलं, “शेजाऱ्याच्या जाग्याचे पैसे मी काऊन देऊ?” मी त्याला त्या तीन घरांचे फोटो दाखवले. त्यानं फोटो मोठे करून पाहिले, भिंतीचा खर्च विचारला, मनातल्या मनात काहीतरी गणित केलं आणि म्हणाला, “अर्धे घ्या.”

घेतले.